रेघांची भाषा, मालाची ओळख : बारकोडचे प्रकार आणि त्यांची निवड

(सिलतरा, रायपूर येथे मराठी भाषक लघुउद्योजक व कारखान्यांतील पर्यवेक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



रायपूर-बिलासपूर महामार्गालगत वसलेले सिलतरा हे औद्योगिक क्षेत्र आज स्पंज आयर्न, पोलाद, लोहमिश्रके आणि सळया यांच्या उत्पादनासाठी मध्य भारतात ओळखले जाते. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्याची निर्मिती झाल्यानंतर या परिसराच्या वाढीला विशेष गती मिळाली. नागपूर आणि रायपूर यांचे नाते तर भोसल्यांच्या राजवटीपासूनचे आहे. आजही नागपूरच्या उद्योगसमूहाचा पोलाद कारखाना येथे उभा आहे आणि येथील माल विदर्भाच्या बाजारपेठेत नियमितपणे जातो. अशा ठिकाणी मराठीतून उद्योगाविषयी बोलण्याची संधी मिळाली, याचा मला आनंद वाटतो.

आजचा विषय वरकरणी किरकोळ वाटेल. साबणाच्या वडीवर वा बिस्किटाच्या पुड्यावर दिसणाऱ्या काळ्या-पांढऱ्या रेघांशी लोखंडाच्या कारखान्याचा संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या भट्टीपाशीच आहे. भट्टीतून एका वेळी बाहेर पडणाऱ्या वितळलेल्या पोलादाला आपण एक 'हीट' म्हणतो. तिला क्रमांक दिला जातो, प्रयोगशाळेत तिचे रासायनिक पृथक्करण होते आणि ते प्रमाणपत्रावर नोंदले जाते. त्यानंतर बिलेट थंड होते, रोलिंग मिलमध्ये जाते, त्याच्या सळया होतात, बंडले बांधली जातात, मालमोटार भरते आणि माल शेकडो किलोमीटर दूरच्या एखाद्या शाळेच्या किंवा पुलाच्या बांधकामावर पोहोचतो. या प्रवासात हीट क्रमांक बहुधा खडूने, रंगाने किंवा हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर टिकून असतो. चिठ्ठी गळून पडली, अंक पुसट झाला किंवा '३' चा '८' वाचला गेला, की सळई आणि तिचे प्रमाणपत्र यांची ताटातूट होते. उद्या एखाद्या हीटमध्ये गंधक वा स्फुरद प्रमाणाबाहेर असल्याचे आढळले, तर नेमकी कोणती बंडले परत बोलवावयाची, हे सांगता येत नाही. मग संपूर्ण मालच संशयित ठरतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, कोणताच माल परत येत नाही.

म्हणून बारकोडचा विचार पाकिटाच्या सजावटीपुरता न ठेवता उत्तरदायित्वाचे साधन म्हणून करावा, अशी माझी विनंती आहे. मात्र बारकोड एकच नाही. त्याचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे कार्यक्षेत्र वेगळे आहे. चुकीचा प्रकार निवडला तर खर्च होतो आणि उपयोग होत नाही.

बारकोड म्हणजे काय ?

अमेरिकेतील नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोन तरुणांनी १९४९ मध्ये या कल्पनेच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १९५२ मध्ये त्यांना ते मिळाले. वुडलँड यांना तारायंत्राची मोर्स लिपी येत होती. समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत बोटांनी ठिपके आणि आडव्या रेघा काढून त्यांनी त्या खाली ओढल्या, तेव्हा त्यांतून बारीक व जाड उभ्या रेषा तयार झाल्या. जी लिपी आपल्या तारखात्याने २०१३ मध्ये तारसेवा बंद होईपर्यंतच्या दीर्घ इतिहासात कधी काळी वापरली, तिच्याच घराण्यातील ही लिपी आहे. परंतु ती वाचण्यासाठी लागणारे स्वस्त लेसर किरण आणि संगणक तेव्हा उपलब्ध नव्हते. त्यामुळे दुकानात प्रत्यक्ष पहिली वस्तू वाचली जाण्यास २६ जून १९७४ हा दिवस उजाडावा लागला. अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय येथील एका दुकानात वाचली गेलेली ती वस्तू म्हणजे च्युइंगमचे एक पाकीट होते.

वाचक यंत्र, म्हणजेच स्कॅनर, प्रकाशाचा झोत टाकतो. पांढरा भाग प्रकाश परत पाठवितो, काळा भाग तो शोषून घेतो. या चढउतारांच्या रुंदीवरून यंत्र अंक ओळखते. येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. दुकानातील नेहमीच्या बारकोडमध्ये वस्तूची किंमत नसते, नाव नसते, वजनही नसते. त्यात केवळ एक क्रमांक असतो. उर्वरित माहिती संगणकातील नोंदवहीत असते. नोंदवही अपुरी असेल, तर सर्वोत्तम बारकोडही मुका राहतो.

दुकानाच्या फडताळासाठी : ईएएन-१३

किरकोळ विक्रीच्या वस्तूंवर जगभर मुख्यत्वे तेरा अंकी ईएएन-१३ वापरला जातो. अमेरिका व कॅनडात त्याचा बारा अंकी पूर्वज यूपीसी रूढ आहे. अगदी लहान पाकिटांसाठी आठ अंकी ईएएन-८ आहे. हे क्रमांक देण्याचे काम जीएस१ ही आंतरराष्ट्रीय संस्था आपल्या देशोदेशींच्या शाखांमार्फत करते. भारतात ही जबाबदारी जीएस१ इंडिया या संस्थेकडे असून तिने दिलेले क्रमांक ८९० या अंकांनी सुरू होतात. त्यापुढील काही अंक कंपनीची ओळख देतात, त्यानंतरचे अंक कंपनी स्वतः आपल्या वस्तूंना देते आणि शेवटचा अंक तपासणीचा असतो.

'८९० म्हणजे भारतात तयार झालेली वस्तू' असे आपण अनेकदा ऐकतो. हे खरे नाही. ८९० चा अर्थ एवढाच, की क्रमांक भारतातील शाखेने दिला आहे. भारतीय कंपनीने परदेशात करून घेतलेल्या वस्तूवरही हे अंक असू शकतात. म्हणून देशी-विदेशी मालाची पारख बारकोडवरून करू नये. त्यासाठी वेष्टनावर छापलेला उत्पादनाचा देश वाचावा.

तपासणी अंकाची रीत साधी आहे. उदाहरणादाखल ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक घेऊ. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा अशा विषम स्थानांवरील अंकांची बेरीज २८ येते. सम स्थानांवरील अंकांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. या बेरजेत किती मिळविले असता दहाने पूर्ण भाग जाईल, तो तपासणी अंक. येथे तो शून्य आहे. एखादा अंक चुकीचा वाचला गेला, तर हा हिशेब हमखास जुळत नाही आणि यंत्र क्रमांक नाकारते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली, तर तीही बहुतेक वेळा पकडली जाते. केवळ ज्या दोन अंकांतील फरक पाच आहे, उदाहरणार्थ २ आणि ७, त्यांची अदलाबदल निसटू शकते. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत अशी कोणतीही सुरक्षा नसते.

कोणाला हा प्रकार लागेल ? आपल्यापैकी जे एक किलोच्या पाकिटात खिळे, वेल्डिंगच्या कांड्या, मसाले, पोहे किंवा तांदूळ विकतात आणि ज्यांना मोठ्या दुकानांत वा ऑनलाईन बाजारात माल ठेवावयाचा आहे, त्यांना. प्रत्येक वेगळ्या वस्तूला वेगळा क्रमांक लागतो. एक किलो आणि अर्धा किलो या दोन वस्तू आहेत. वेष्टनावर जाहीर केलेले निव्वळ वजन बदलले, तरीही नवा क्रमांक घेणे आवश्यक ठरते. वजनाने, टनावर विकल्या जाणाऱ्या सळयांना मात्र या प्रकाराची गरज नाही, कारण त्या कोणत्याही दुकानाच्या गल्ल्यावरून जात नाहीत.

खोक्यापासून मालमोटारीपर्यंत

पाकिटे खोक्यात भरली जातात. खोके तपकिरी, खरखरीत पुठ्ठ्याचे असते. त्यावर बारीक रेघा छापल्यास शाई पसरते आणि रेघा एकमेकींना भिडतात. यासाठी आयटीएफ-१४ हा चौदा अंकी प्रकार योजला जातो. त्याच्या रेघा ठळक असतात. पूर्ण आकारात तो सुमारे १५ सेंटीमीटर रुंद होतो आणि म्हणूनच थेट पुठ्ठ्यावर छापता येतो. त्याचा पहिला अंक वेष्टनाची पातळी दर्शवितो. या प्रकारात एक उणीव आहे. वाचक यंत्राची रेषा तिरपी जाऊन अर्धाच भाग वाचला गेला, तरी तो पूर्ण वाचल्याचा भास होऊ शकतो. ती टाळण्यासाठी वर-खाली, आणि अनेकदा चारही बाजूंनी, जाड काळी चौकट छापतात. ही चौकट शोभेसाठी आहे असे समजून छपाई कारागीर ती काढून टाकतात. ती काढू देऊ नये.

खोक्यावर केवळ 'काय आहे' एवढे सांगून भागत नाही. 'कोणत्या खेपेतील', 'किती किलो', 'कोणत्या तारखेपर्यंत वापरण्यायोग्य' हेही सांगावयाचे असेल, तर जीएस१-१२८ हा प्रकार उपयुक्त ठरतो. यात प्रत्येक माहितीच्या आधी ठरलेला उपसर्ग असतो. ०१ म्हणजे वस्तूचा क्रमांक, १० म्हणजे खेप अथवा बॅच, १७ म्हणजे मुदत संपण्याची तारीख, ३१० ने सुरू होणारा उपसर्ग म्हणजे किलोग्रॅममधील निव्वळ वजन. ०० या उपसर्गापुढे अठरा अंकी क्रमांक येतो व तो एका विशिष्ट पॅलेटची किंवा गठ्ठ्याची जगातील एकमेव ओळख असते. निर्यात करणाऱ्या उद्योजकांनी हा प्रकार समजून घेणे अगत्याचे आहे. परदेशी खरेदीदार प्रथम याच लेबलाची मागणी करतो.

कारखान्याच्या भिंतीआड : कोड ३९ आणि कोड १२८

आता आपण अशा क्षेत्रात येतो, जेथे बाहेरच्या कोणाकडूनही क्रमांक विकत घेण्याची गरज नसते. भांडारातील सुटे भाग, रोलचे साठे, मोटारी, हत्यारे, कामगारांची ओळखपत्रे, भट्टीची नोंद हे सारे कारखान्याच्या अंतर्गत व्यवहारातील आहे. क्रमांकाची पद्धत आपणच ठरवावी.

१९७४ मध्ये विकसित झालेला कोड ३९ हा यातला जुना आणि सोशिक प्रकार. त्यात इंग्रजी मोठी अक्षरे, अंक आणि काही चिन्हे मिळून ४३ वर्ण लिहिता येतात. प्रत्येक वर्ण नऊ घटकांचा असून त्यांपैकी तीन रुंद असतात. कोणत्याही साध्या यंत्राने तो वाचला जातो आणि त्यात तपासणी अंक सक्तीचा नसतो. परंतु तो फार जागा घेतो. १९८१ मध्ये आलेला कोड १२८ अधिक आटोपशीर आहे. त्यात संगणकाच्या वर्णमालेतील सर्व १२८ वर्ण बसतात, केवळ अंक असल्यास दोन अंक एका खुणेत सामावतात आणि तपासणीची खूण सक्तीची असते.

फरक आकड्यांत पाहू. जीएसटी व्यवस्थेतील ई-वे बिलाचा क्रमांक बारा अंकी असतो. सर्वांत बारीक रेघ ०.३३ मिलीमीटर धरली, तर हा क्रमांक कोड १२८ मध्ये सुमारे ३३ मिलीमीटर रुंदीत मावतो. कोड ३९ मध्ये, रुंद रेघ बारीक रेघेच्या तिप्पट धरल्यास, त्यालाच सुमारे ७४ मिलीमीटर लागतात. बंडलाला बांधावयाच्या छोट्या पत्र्याच्या बिल्ल्यावर हा फरक निर्णायक ठरतो. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी कोड १२८ घ्यावा. जुन्या यंत्रणेशी जुळवून घेणे भाग असेल, तरच कोड ३९ ठेवावा.

चौकटीतील ठिपके : द्विमितीय प्रकार

आतापर्यंतचे सर्व प्रकार रेषीय होते. त्यांत माहिती फक्त आडव्या दिशेने लिहिलेली असते. उभी उंची केवळ वाचण्याच्या सोयीसाठी असते. माहिती आडवी व उभी अशा दोन्ही दिशांनी लिहिली, की द्विमितीय संकेत तयार होतो. यांतील तीन प्रकार आपल्या कामाचे आहेत.

पहिला पीडीएफ ४१७. हा रेषीय पट्ट्या एकावर एक रचल्यासारखा दिसतो. विमानप्रवासाच्या कागदी प्रवेशपत्रावर आपण तो पाहिला असेल. कागदपत्रांसाठी तो योग्य, वस्तूंसाठी क्वचितच.

दुसरा डेटा मॅट्रिक्स. डावीकडे व खाली सलग काळी रेघ आणि उरलेल्या दोन बाजूंना तुटक रेघ, ही त्याची ओळख. याचा सर्वांत लहान आकार केवळ १० गुणिले १० घरांचा असतो. काही मिलीमीटरच्या जागेत तो मावतो आणि कागदाशिवाय थेट धातूवर लेसरने किंवा टोचून कोरता येतो. यंत्राचे सुटे भाग, शस्त्रक्रियेची उपकरणे, इलेक्ट्रॉनिक पट्ट्या यांवर त्याचा वापर होतो. आपल्यापैकी जे बेअरिंग, ओतीव भाग किंवा रेल्वे व वाहन उद्योगासाठी सुटे भाग बनवितात, त्यांच्यासाठी हाच प्रकार आहे. कागदी लेबल तेलात निघून जाते, कोरलेली खूण वस्तूबरोबर जगते.

तिसरा, आज सर्वांच्या परिचयाचा क्यूआर. जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९४ मध्ये तयार केला, तो मोटारीच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. म्हणजे ज्याला आज आपण भाजीच्या गाडीवर पाहतो, त्याचा जन्म आपल्यासारख्याच कारखान्यात झाला. तीन कोपऱ्यांतील तीन चौकोनांमुळे तो कोणत्याही दिशेने धरला तरी वाचता येतो. त्यात कमाल ७,०८९ अंक मावतात. त्याची सर्वांत मोठी शक्ती म्हणजे दुरुस्तीक्षमता. निवडलेल्या पातळीनुसार सुमारे ७, १५, २५ किंवा ३० टक्के भाग मळला वा फाटला, तरी उरलेल्या भागावरून माहिती पूर्ववत होते. धूळ, काजळी आणि गंज यांच्या आपल्या परिसरात वरची पातळी निवडावी. त्यामुळे चौकट थोडी दाट होते, परंतु टिकते.

क्यूआर कोठे वापरावा, याचे उत्तर एका वाक्यात देता येते. जेथे वाचणाऱ्याच्या हातात साधा मोबाईल आहे, तेथे. ग्राहक, बांधकामावरील अभियंता, मालमोटारीचा चालक, तपासणी अधिकारी यांच्याकडे वेगळे यंत्र नसते. सळईच्या बंडलावरील बिल्ल्यावर हीट क्रमांक, मोजमाप, प्रत, वजन आणि प्रमाणपत्राचा दुवा क्यूआरमध्ये दिला, तर बांधकामावरील अभियंता जागेवरच खात्री करून घेऊ शकतो. बिल्ल्यावर मानवी डोळ्यांना वाचता येईल असा क्रमांकही अवश्य छापावा. रेषीय बारकोडखाली अंक असतात, क्यूआरखाली ते आपण होऊन येत नाहीत. यंत्र बंद पडले किंवा मोबाईलला संदेशवहन मिळाले नाही, तर माणसाला काही तरी वाचता आले पाहिजे.

शासकीय व्यवहारात

द्विमितीय संकेतांचा प्रसार आपल्या देशात शासकीय धोरणांमुळेही झाला. २०१६ मध्ये यूपीआय आणि २०१७ मध्ये भारत क्यूआर सुरू झाले. पुढे प्रत्येक कंपनीचा स्वतंत्र क्यूआर असण्याऐवजी सर्वांना वाचता येईल असाच संकेत असावा, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये दिले. त्यामुळे एका पाटीवर सर्व ॲप चालतात. समान मानकामुळे लहान दुकानदाराचा किती लाभ होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

जीएसटीअंतर्गत ई-बीजक पद्धती १ ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या उद्योगांना लागू झाली. टप्प्याटप्प्याने मर्यादा खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असणाऱ्यांपर्यंत ती पोहोचली. या बीजकावरील क्यूआरमध्ये विक्रेता व खरेदीदार यांचे जीएसटी क्रमांक, बीजक क्रमांक, दिनांक, रक्कम इत्यादी तपशील असून त्यावर नोंदणी पोर्टलची अंकीय स्वाक्षरी असते. औषधांच्या बाबतीत, निवडक ३०० नाममुद्रांच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक करण्यात आला. बनावट औषध आणि बनावट सळई यांत तत्त्वतः अंतर नाही. दोन्हींत विश्वासाने घेणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो.

संकेत म्हणजे सत्यतेची हमी नव्हे

येथे सावधगिरीचा एक शब्द. बारकोड वा क्यूआर ही ओळख आहे, खरेपणाचा पुरावा नाही. कोणीही त्याचे छायाचित्र घेऊन हजार प्रती छापू शकतो. खरेपणा येतो तो दोन मार्गांनी. एक, ई-बीजकाप्रमाणे अंकीय स्वाक्षरीतून. दुसरा, प्रत्येक नगाला स्वतंत्र अनुक्रमांक देऊन व तो मूळ नोंदवहीशी ताडून पाहण्यातून. एकच अनुक्रमांक एकाच वेळी नागपूर आणि जबलपूर येथे वाचला गेला, तर त्यांतील किमान एक नक्कल आहे, हे उघड होते.

व्यवहारातही हेच लक्षात ठेवावे. क्यूआर वाचून आणि गुप्त पिन टाकून पैसे दिले जातात, मिळत नाहीत. 'पैसे पाठवितो, हा क्यूआर वाचा' असे सांगणारा फसवीत असतो. आपल्या वजनकाट्यावर किंवा कार्यालयात लावलेल्या पाटीवर दुसऱ्याची चिकटपट्टी लावलेली नाही, हेही अधूनमधून पाहावे. त्याचप्रमाणे स्वस्तात 'तयार ईएएन क्रमांक' विकणाऱ्यांपासून दूर राहावे. असा क्रमांक मुळात दुसऱ्या कंपनीच्या नावे नोंदलेला असू शकतो. मोठ्या खरेदीदाराने पडताळणी केली की माल परत येतो आणि छापलेली वेष्टने रद्दीत जातात.

छपाईची शिस्त

प्रकार योग्य निवडला, तरी छपाई चुकली तर सारे व्यर्थ. काही नियम ध्यानात घ्यावेत.

रंग : अनेक वाचक यंत्रांचा प्रकाश लाल असतो. लाल वा केशरी रेघा त्याला पांढऱ्याच दिसतात. म्हणून रेघा काळ्या, गडद निळ्या वा गडद हिरव्या असाव्यात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी रेघ हा सर्वांत निर्धोक पर्याय आहे.

मोकळी जागा : संकेताच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा असलीच पाहिजे. तीवरूनच यंत्राला आरंभ व शेवट कळतो. क्यूआरलाही चारही बाजूंनी ती लागते. नक्षी, मजकूर किंवा घडी त्या जागेत येऊ देऊ नये.

आकार : ईएएन-१३ चा प्रमाण आकार मोकळ्या जागेसह ३७.२९ मिलीमीटर रुंद आणि २५.९३ मिलीमीटर उंच असतो. तो ८० ते २०० टक्क्यांच्या दरम्यानच ठेवावा. जागा वाचविण्यासाठी उंची छाटण्याची सवय टाळावी.

वक्र पृष्ठभाग : पाईप किंवा बारीक डब्यावर रेघा शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे लावाव्यात, म्हणजे वाचनाची दिशा लांबीला समांतर राहते. अन्यथा काही रेघा वळणाआड जातात.

लेबल : औष्णिक छपाईचे दोन प्रकार आहेत. थेट औष्णिक कागद स्वस्त असतो, पण उष्णतेने व उन्हाने काळवंडतो किंवा फिका पडतो. मे महिन्यातील सिलतऱ्याच्या उघड्या आवारात त्याचा निभाव लागणार नाही. तेथे पॉलिस्टरच्या लेबलावर रेझिन फितीने छपाई करावी आणि ते तारेने बंडलाला बांधावे. तापलेल्या बिलेटवर कोणताही कागद वा प्लास्टिक टिकणार नाही. त्यासाठी उष्णतारोधक धातूचे बिल्ले खिळ्याने ठोकतात.

रेडिओ लहरींवर चालणारी आरएफआयडी पद्धती यापेक्षा आधुनिक म्हणून सर्वत्र वापरावी का, असेही विचारले जाते. मालमोटारींच्या प्रवेशद्वारावर ती उत्तम आहे. पथकर नाक्यावरील फास्टॅग हे तिचेच रूप. परंतु धातू रेडिओ लहरी परावर्तित करतो. त्यामुळे लोखंडावर साधी खूण चालत नाही, खास व महागडी खूण लागते. सळईच्या बंडलासाठी साधा क्यूआर बिल्ला अजूनही अधिक व्यवहार्य आहे.

कोठून आरंभ करावा ?

निवडीचे सूत्र पाच प्रश्नांत सामावते. हा संकेत कोण वाचणार : दुकानाचा गल्ला, गोदाम, आपलाच कामगार की मोबाईलधारी ग्राहक ? किती माहिती द्यावयाची : केवळ क्रमांक की तपशील ? जागा किती आहे ? तो कशावर छापला जाणार : कागद, पुठ्ठा की धातू ? आणि तो किती काळ, कोणत्या हवामानात टिकला पाहिजे ? दुकानासाठी ईएएन-१३, पुठ्ठ्यासाठी आयटीएफ-१४, खेप व पॅलेटसाठी जीएस१-१२८, अंतर्गत वापरासाठी कोड १२८, लहान धातूच्या भागासाठी डेटा मॅट्रिक्स आणि मोबाईलसाठी क्यूआर, असे उत्तर बहुधा आपोआप मिळते. जीएस१ ने २०२७ अखेरपर्यंत जगभरातील दुकानांच्या गल्ल्यांवर द्विमितीय संकेतही वाचले जावेत, असे उद्दिष्ट ठेवले आहे. तेव्हा नवे वाचक यंत्र घेताना ते दोन्ही प्रकार वाचणारे घ्यावे.

खर्चाच्या दृष्टीने सूक्ष्म व लघु उद्योगांना दिलासा देणारी तरतूदही आहे. बारकोड नोंदणी शुल्काच्या काही भागाची प्रतिपूर्ती करण्याची सोय केंद्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने आपल्या विपणन साहाय्य योजनांतून उपलब्ध करून दिली. योजनांच्या अटी व दर वेळोवेळी बदलतात. म्हणून नोंदणीपूर्वीच मंत्रालयाच्या रायपूर येथील कार्यालयात चौकशी करावी.

तथापि यंत्रखरेदी ही पहिली पायरी नव्हे. पहिली पायरी म्हणजे क्रमांकाची शिस्त. एकच क्रमांक दोन हीटना दिला जात नाही ना, रात्रपाळीची नोंद सकाळी अंदाजाने भरली जात नाही ना, परत आलेला माल नव्या बिल्ल्याखाली मिसळला जात नाही ना, हे आधी पाहावे. चुकीची नोंद बारकोडमुळे दुरुस्त होत नाही. ती केवळ अधिक वेगाने पसरते. एका रोलिंग मिलने, एका मापाच्या सळईसाठी, तीन महिने हा प्रयोग करावा. मुकादम व काटेवाले यांना प्रथम शिकवावे, कारण यंत्र त्यांच्याच हातात राहणार आहे. त्यांना ते जाचक वाटले, तर ते कपाटात पडून राहील.

बांधकाम उभे राहिल्यावर सळई काँक्रीटच्या आत कायमची झाकली जाते. ती पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. त्या छताखाली वर्गात बसणाऱ्या मुलाला तिचा हीट क्रमांक कधीच कळणार नाही. तो क्रमांक जपण्याची जबाबदारी त्यामुळेच सर्वस्वी आपली ठरते. भट्टीपासून बांधकामापर्यंत तो न चुकता पोहोचविण्याचे साधन आज अल्प खर्चात उपलब्ध आहे. त्याचा योग्य प्रकार निवडून आपण त्याचा नेटाने उपयोग कराल, अशी अपेक्षा व्यक्त करतो आणि माझे भाषण संपवितो.